आयते दगड

बासष्ट साल. अरबस्तानातल्या फुजैराच्या डोंगरातल्या फौजी चौकीपर्यंत जीप चढेल असा रस्ता करायचा होता, आणि चौकीच्या इंग्रज साहेबाची रोज घाई. दगड पुरेनात. अशात रत्नागिरीकडच्या जमाल मुकादमाला एका उतारावर चपटे दगड दिसले, जोडीजोडीनं रोवल्यासारखे. "अल्लानं आयतेच दिले!" म्हणत त्यानं सगळे उपटले आणि रस्त्याच्या बांधात बसवले.

टेहळणीवर गेलेला इथलाच शिपाई सालेम परतला, तो उंटावरून उतरून त्या उघड्या उतारावर नुसता फिरत राहिला.

"रस्ता खलास, हबीबी!" जमाल ऐटीत म्हणाला. "कसा झालाय?"

"तुमच्या गावी कबरीवर काय असतं?" सालेमनं विचारलं.

"मातीचा उंचवटा. उशाशी चाफा. का रे?"

"इथं चाफा जगत नाही. आम्ही दोन दगड रोवतो. एक उशाशी, एक पायाशी."

जमालनं वळून बांधाकडे पाहिलं. खालून पहिली जीप हॉर्न वाजवत चढत होती. सालेम बांधापाशी उकिडवा बसला आणि एकेका दगडावरून हात फिरवू लागला.

"यांतले माझ्या आईचे कुठले, तेवढं सांग."