ओट्यावरची वाटी

कॅनडाच्या उत्तरेतल्या युकॉनच्या कच्च्या रस्त्याने दिवसभर हाडं खिळखिळी केल्यावर मुकुंदने गाडीमागचा राहायचा ट्रेलर उभा केला. विदुलाने आत ओट्यावर पाण्याची वाटी ठेवली. तो बाहेर चाकाखाली फळ्या सरकवू लागला. पाणी कडेशी सगळीकडे सारखं दिसलं की ट्रेलर लेव्हल, ही नवराबायकोची जुनी रीत. "हे जमेनासं झालं की ट्रेलर विकू," असं त्याचंच म्हणणं. थकलेली विदुला मनातून त्याच दिवसाची वाट पाहत होती; तिला कॅल्गरीतला न हलणारा पलंग हवा होता. आज पाणी एका कडेला चढलेलं. खिडकीखाली चिखलात गुडघे टेकून मुकुंदने धापा टाकत विचारलं, "झालं का गं?" तिने पाणी पिऊन टाकलं. "झालं!" निजताना ती घरंगळत त्याच्या अंगावर आली. "वाटी खोटं बोलायला लागली," तो हळूच म्हणाला. "दमली असेल ती," विदुला म्हणाली. "झोपा आता."