काजळी

"रानटी लोक होते ते. त्यांना चित्रांचं काय कळणार?" अमास्तानने काठीने गुहेचं छत दाखवलं.

लाल गेरूत काढलेल्या गाई भिंतीवरून एका ओळीत चालल्या होत्या. त्यांच्यामागे बायका नाचत होत्या. छताजवळ मात्र काजळीचा जाड थर चढला होता आणि त्यात दोन बायकांचे चेहरे पार बुडून गेले होते.

अल्जिअर्सहून आलेले पाहुणे हळहळले. या जागी सगळेच हळहळतात, हे अमास्तानला ठाऊक होतं. पठारावर वाटाड्या म्हणून यायला लागल्यापासून तो काजळीची ही गोष्ट सांगत आला होता आणि दर वेळी तिला थोडं तिखटमीठ लागत गेलं होतं. गुहेत राहणाऱ्यांनी इथेच चुली पेटवल्या, इथेच शेळ्या बांधल्या, असं त्याने सांगितलं. त्यांची पोरंही म्हणे लेंड्यांतच रांगायची. कुणीतरी हसलं. ते लोक नेमके कोण, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

आज गुहेच्या तोंडाशी त्याची सासू घैशा बसली होती. गुडघे चालताहेत तोवर एकदा पठार बघायचंय, असा निरोप तिने मुलीकरवी पाठवला होता. त्यांच्या जमातीत जावई सासूसमोर जेवत नाही, अगदी गरज पडल्याशिवाय तिच्याशी बोलतही नाही. खालच्या जानेत गावाहून निघाल्यापासून ती गाढवांच्या मागे मुकाट्याने चालत होती आणि तो तोंडावरचा फेटा डोळ्यांपर्यंत ओढून पुढे. पाहुण्यांशी तो अरबीत बोलत होता. सासूच्या तोंडून त्याने घरच्या तमाहक भाषेखेरीज दुसरं काही कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे बोलताना त्याला संकोच वाटला नाही.

पाहुण्यांतली नवाल कॉलेजात इतिहास शिकवायची. काजळीचा फोटो काढून ती वळली.

"या आजी इथल्याच ना? त्यांना विचारा की, कोण राहायचं इथे?"

टाळता येईना. अमास्तानने नजर जमिनीवर ठेवून आपल्या भाषेत सासूला प्रश्न सांगितला.

घैशा उठून आत आली. छत जिथे खाली उतरलं होतं तिथे न बघताच वाकली आणि कोपऱ्यातल्या काळ्या कातळावर तिने तळवा टेकला.

"सांगा त्यांना, मी राहत होते. पाऊस झाला नव्हता, शेळ्या मेल्या होत्या. थंडी अशी की मशकीतलं पाणी गोठायचं. मिना इथेच जन्मली. निळी पडली होती पोर. मी चूल विझू दिली असती तर तुम्हाला आज बायको नसती." बोलता बोलता ती किंचित हसली.

अमास्तानची कानशिलं तापली. घटकेपूर्वी लेंड्यांत रांगणारी जी पोरं त्याने उभी केली होती, त्यांत त्याची मिना होती. पाहुणे त्याच्या तोंडाकडे बघत होते. उत्तर रेकॉर्ड करायला नवालने फोन पुढे धरला होता. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण मग हे सगळे आळीपाळीने त्याच्याकडे आणि सासूकडे बघणार होते, आणि मघाशी हसलेला माणूसही बघणार होता.

"त्या म्हणतात, ठाऊक नाही," तो अरबीत म्हणाला. "फार जुनी गोष्ट आहे."

"एवढं बोलल्या त्या," नवाल म्हणाली, "आणि अर्थ फक्त एवढाच?"

मान वर करायचा त्याने प्रयत्न केला, पण ती वर होईना.

घैशाने कातळावरचा हात काढला, काळा झालेला तळवा अंगावरच्या वस्त्राला पुसला आणि ती नवालकडे वळली. ती अरबीत बोलली, त्याच्याहून स्वच्छ अरबीत.

"जावई सांगतात ते खरं आहे, बाई. ते लोक कोण होते, आम्हाला ठाऊक नाही."