फळीपलीकडचे साहेब

दुपारचे तीन वाजले होते आणि सुफियाला एकाच वेळी दोघांचे पत्ते दिसत होते.

दौंड स्टेशनासमोरच्या तिच्या सायबर कॅफेत चार केबिन होत्या, मधे डोक्याएवढ्या प्लायवूडच्या फळ्या. दोन नंबरमध्ये साहेबराव आबा, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. तीन नंबरमध्ये खुटबाव गावची शितल. झेंडूच्या पाट्या पार्सल ऑफिसात दिल्या की परतीची जीप भरेपर्यंत ती इथं येऊन बसायची. काउंटर दोघांच्या पाठीमागे, त्यामुळे दोन्ही स्क्रीन सुफियाच्या नजरेत. दोघंही इंटरनेटवर पोकर खेळत होते, एकाच टेबलावर, समोरासमोर. हे फक्त त्या दोघांनाच माहीत नव्हतं.

डाव तसा चिल्लरचा. फुकटच्या स्पर्धेत जिंकलेले दोन-तीन डॉलर, तेच इकडून तिकडे फिरायचे. खरी गंमत शिकण्याची होती. शितलनं मुद्दाम पुरुषी नाव घेतलं होतं, मिस्टर एस. आबा रोज त्या मिस्टर एसला शोधून काढत आणि त्याच्याच टेबलावर बसत.

"हा लंडनचा कुणी मास्तर असंल बघ," ते सुफियाला सांगत. "मी त्याच्याकडनंच शिकतोय." हरलेला प्रत्येक मोठा डाव त्यांनी वहीत उतरवला होता. त्यातून त्यांनी एक गोष्ट हेरली होती : मास्तर झटक्यात पैसे लावतो तवा हात पोकळ असतो, थांबून लावतो तवा पक्का.

आणि मागच्याच आठवड्यात शितल सुफियाला हळूच म्हणाली होती, "ताई, त्या पडद्यावरच्या सायबाला माझी घाई कळाया लागलीय. आता मलाच बदलाया पायजे." मग दाराकडं बघत म्हणाली, "पर घरी बोलू नका हां कुणापाशी. पत्ते खेळते म्हणून गाव डोक्यावर घेतील."

आज आबांच्या हातात दोन बादशा होते. मधल्या उघड्या पत्त्यांत एक एक्का पडलेला; समोरच्याकडं आणखी एक एक्का असला तर बादशा हरणार. शितलकडं सत्ती आणि पंजी, म्हणजे काहीच नाही. तिनं उजवा हात मांडीखाली दाबून धरला. ओठ हलत होते. ती मोजत होती. बारापर्यंत मोजून झाल्यावर तिनं आपल्यापुढचे सगळे पैसे आत ढकलले.

आबांनी चष्मा काढला आणि मागं वळून दबक्या आवाजात विचारलं,

"सुफिया, आज मास्तर थांबून खेळला गं. म्हंजी एक्का हाय त्याच्याकडं. का न्हाई?"

"मला काय कळतंय आबा त्यातलं?" सुफिया म्हणाली आणि उगाच प्रिंटरमधले कागद सारखे करू लागली. खरं तर तिचा जीव टांगणीला लागला होता. आबा पत्ते टाकतात, का पैसे भरून बघतात? त्यांचं बोट माऊसवर खालीवर होत होतं.

आणि लाईट गेली.

दोन्ही स्क्रीन काळे झाले. तीन नंबरमधून "अगं बाई!" असा आवाज आला, दोन नंबरमधून "आरारारा!"

दहा मिनिटांनी लाईट आली. कॉम्प्युटर सावकाश उठले. आबा पुन्हा टेबलावर पोचले तेव्हा डाव संपला होता. वेळेत उत्तर आलं नाही म्हणून त्यांचे बादशा काढून घेतले होते आणि सगळे पैसे मिस्टर एसकडं गेले होते.

"आता जन्मात कळायचं न्हाई काय व्हतं त्याच्याकडं," आबा म्हणाले. सुफियानं जीभ चावली.

तेवढ्यात स्क्रीनच्या तळाशी मिस्टर एसचा इंग्रजीत निरोप उमटला. आबांनी तो बोट फिरवत मोठ्यानं वाचला.

"सॉरी सर. लाईट गॉन."

त्यांनी तो पुन्हा वाचला. या खेपेला मनात.

"लंडनात लाईट जात न्हाई," ते पुटपुटले.

मग ते सावकाश उभे राहिले. कॅफेत दुसरी एकच केबिन उजळलेली होती. दोन पावलं टाकली असती, मान थोडी वर केली असती, की झालं. सुफिया काउंटरमागून अर्धी उठली. आता हाक मारावी, पाणी विचारावं, काहीतरी करावं.

"आबा..."

आबांनी मागं न बघता तळहात वर केला. थांब. फळीच्या वरच्या कडेला त्यांची बोटं टेकलेली होती. पलीकडं झेंडूचा वास होता, आणि श्वास रोखून बसलेलं कुणीतरी. आबांनी ती बोटं हळूच उचलून घेतली. मग खाली बसले आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यांनी टाईप केलं,

"हिअर ऑल्सो, सर."

तीन नंबरमध्ये शितलनं ते वाचलं. तिचा हात ओढणीकडं गेला, तोंडावर घट्ट दाबला गेला. तिनं मान वळवून सुफियाकडं बघितलं. डोळ्यांत भीती होती, पण खांदे हसण्यानं हलत होते. सुफियानं नुसती मान हलवली : मी काही सांगितलं नाही.

थोड्या वेळानं आबांच्या स्क्रीनवर पुढचा निरोप आला. "नेक्स्ट गेम, सर?"

दोन्हीकडं नवे पत्ते पडले. आबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, उठून खुर्ची सरकवली आणि फळीकडं पूर्ण पाठ येईल अशी फिरवून बसले. माऊसपर्यंत हात पोचायला त्यांना आता अवघड जात होतं.