वाऱ्याकडे शेपट्या

वीस वर्षं बेरिलबाईंचा वाटाणा कबुतरांपासून राखणाऱ्या सिरिलला बाईंनी कधी साधा चहा विचारला नव्हता. आणि अर्धं शेत राखायला आणलेल्या ह्या नवशिक्या ग्रॅहमला पहिल्याच सकाळी बेकन घातलेला पाव. सिरिलच्या पोटात दुखायला लागलं.

"बंदूक येते मला. पाखरांना भुलवून खाली उतरवायला ही प्लास्टिकची कबुतरं कशी मांडायची, तेवढं सांगा," ग्रॅहम म्हणाला.

"सोपं आहे. सगळ्यांच्या शेपट्या वाऱ्याकडे कर आणि आडोशाला गप बसून राहा."

खरं कबूतर वाऱ्याकडे चोच करून बसतं. उलटं मांडलेलं सोंग दिसलं, की पाखरं वरूनच वळतात. पण हे सांगायला सिरिल काही त्याचा बाप नव्हता.

वळलेली सगळी पाखरं सिरिलच्या अर्ध्या शेतात उतरली. दुपारपर्यंत त्याने चाळीस पाडली. ग्रॅहमचं एक काडतूस उडालं नाही.

"होतं असं सुरुवातीला," सिरिलने त्याची पाठ थोपटली.

तेवढ्यात बेरिलबाई सगळं शेत बघत बघत आल्या. सिरिलने कबुतरांचा ढीग पायाने हळूच पुढे सारला. बाईंनी त्या ढिगाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सिरिल, तुझ्याकडचे कोंब पार खुडून खाल्लेत. ह्याच्याकडे एक पाखरू टेकलं नाही." मग त्या ग्रॅहमकडे वळल्या. "उद्यापासून सगळं शेत तूच बघ. आणि सिरिललाही जरा शिकव, कबुतरं कशी मांडायची ते."