बैठे काम

काट्याची सुई अठ्ठ्याऐंशीवर थांबली. गोटीराम खाली उतरला, चपला काढल्या आणि पुन्हा काट्यावर चढला. सुई तिथेच.

"टोपी पन काढून बघ," सगुणा नवऱ्याला म्हणाली.

वाशीच्या नव्या दवाखान्यातली आहारतज्ज्ञ स्मिता कंपनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचत होती. रबाळ्याच्या कंपनीत गोटीराम दोन वर्षे हंगामी पहारेकरी होता. तीन महिन्यांत वजन शहात्तर किलोवर आले तरच नोकरी पक्की होणार होती.

"काम काय करता, मामा?"

"गेट राखतो."

"गेट आपला उभा रातो," सगुणा म्हणाली. "यो खुर्ची राखतो."

स्मिताने 'बैठे काम' असे लिहिले. "जेवायला काय असतं?"

"भात."

"आणि?"

गोटीरामला प्रश्न कळला नाही. "भात," तो पुन्हा म्हणाला. "दोनी येलंला. सकालचे तांदलाची भाकर."

स्मिताने कागदावर थोडी आकडेमोड केली. दिवसाला पंधराशे कॅलरी. पिष्टमय पदार्थ कमी, प्रथिने जास्त. मग तिने खणातून स्टीलची एक वाटी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"एका जेवणाला भात एवढाच. सपाट भरून, शीग नाही. बाकी पोट डाळीनं आणि मासळीनं भरायचं. मासळी तळायची मात्र नाही."

"म्हावरा चालंल नि भात नाय?" सगुणा म्हणाली. "मंग म्हावरा काय वाऱ्याबरोबर खायाचा?" तिने वाटी तळहातावर घेऊन फिरवून पाहिली. "येवरा भात आमी कावल्याला ठेवताव, बाय."

"मावशी, नोकरी पक्की व्हायला हवी ना?"

सगुणाने वाटी जपून टेबलावर ठेवली.

भिंतीवर एक तक्ता टांगलेला होता. त्यावर तीन माणसे आणि प्रत्येकाच्या कामाप्रमाणे त्याचे ताट काढले होते. पहिला टेबलाशी बसून लिहीत होता. त्याचे ताट लहान. मधला विणकर. तिसऱ्याने चिखलात नांगर धरला होता आणि त्याच्या ताटात पांढराशुभ्र भाताचा ढीग होता.

गोटीराम उठून तक्त्याजवळ गेला. त्याने नांगरवाल्यावर बोट टेकवले.

"यो मी. याच्यापरमानं लिवा."

स्मिताने पेन खाली ठेवले. "शेत आहे तुमचं?"

"व्हता. आता जिथं खुर्ची हाय, तिथंच व्हता."

"हे ताट जड कामाचं आहे, मामा," स्मिता म्हणाली. "तेवढं काम असेल तरच ते जिरतं."

"मंग तसला काम द्या ना. कंपनीला चिठ्ठी लिवा." गोटीरामच्या आवाजात एकदम उत्साह आला. "म्हैन्यान वजन उतरवून दाखवतो. वर भात खाऊन."

"अरं, ती कंपनी काय भात लावते?" सगुणा म्हणाली. पण यावेळी तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

स्मिता उठली. अशी चिठ्ठी लिहिण्याचा तिला अधिकार नव्हता, आणि लिहिली असती तरी ती वाचणारे कुणी नव्हते. तिने तक्त्यावरच्या पहिल्या माणसाकडे बोट दाखवले.

"आता तुम्ही हे," ती शक्य तितक्या हळू म्हणाली.

गोटीराम त्या माणसासमोर उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, हातात लेखणी, व्यवस्थित भांग. कमरेपर्यंत आलेले टेबल. त्याने ते चित्र वरून खाली आणि पुन्हा वर, सावकाश पाहिले.

"याला पाय नाय काढलंत," तो म्हणाला.

"टेबलाखाली आहेत, मामा. दिसत नाहीत, एवढंच."