भिंतीवरची पक्कड

सुताराच्या वर्कशॉपमध्ये त्याच्या बायकोनं भिंतीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवून ठेवला होता. काम झालं की हत्यार आपापल्या आकारावर टांगायचं, एवढंच. वीस वर्षांत त्यानं एकही हत्यार जागेवर टांगलं नाही. ती गेल्यावर मात्र तीन महिन्यांत वर्कशॉपचं रूपच पालटलं. गंजके खिळे, मोडक्या मुठी, 'लागेल कधीतरी' म्हणून साठवलेली फळकुटं, सगळं गेलं. घरातही चष्म्यापासून किल्लीपर्यंत प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे.

"बाबा, हे आधी का नाही सुचलं?" शेजारच्या गल्लीत राहणारी त्याची मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आईनं किती डोकं फोडलं तुमच्यापुढे!"

"तेव्हा काही सापडलं नाही की तिला हाक मारायचो," तो रंधा पुसत म्हणाला. "हातातलं काम टाकून यायची. 'डोळे आहेत की बटणं?' म्हणायची आणि शोधून द्यायची. आता हाक कुणाला मारू? म्हणून जागेवर ठेवतो."

निघताना मुलीनं भिंतीवरची पक्कड हळूच पर्समध्ये टाकली. त्याला ते दिसलं, पण तो रंधा पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं तिला फोन लावला. "अगं, माझी पक्कड कुठे सापडेना बघ!"

"डोळे आहेत की बटणं, बाबा? थांबा, आलेच."