चाळणखोलीमागचं थोटूक

बेलोत्तीमालकांनी सिगारेटचं थोटूक चिमटीत धरून सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवलं. ते चाळणखोलीमागच्या पायरीवर सापडलं होतं. सगळे इल्देकडे बघायला लागले. टेफ्लॉनची भुकटी चाळून साच्यात भरायचं काम तिचं, आणि घरी ती भसाभसा ओढते हे अख्ख्या गावाला ठाऊक.

साच्यात दाबलेले ठोकळे भट्टीत भाजायचे आणि मग लेथवर बटाट्याची साल काढावी तशी त्यांची पातळ फिल्म सोलायची, हा इथला धंदा. भुकटीत राखेचा कण जरी पडला तरी त्या पांढऱ्या फिल्मवर काळे ठिपके उठतात. म्हणून सिगारेटी फाटकावरच्या डब्यात ठेवूनच आत यायचं. मालकांनी जाहीर केलं, उद्यापासून इल्देनं घरी बसायचं.

त्यांना जास्त लाज वाटत होती ती फादर तार्चिसिओंची. सकाळीच ते नव्या लेथला आशीर्वाद द्यायला आले होते. भुकटीत हात घालून, मैद्याहून मऊ आहे म्हणाले होते. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात भर चर्चमध्ये सिगारेट सोडल्याचं जाहीर केलेला माणूस! त्यांच्या पाठीमागे हा चावटपणा?

या वयात इल्देला दुसरीकडे कोण ठेवून घेणार होतं? पण जीभ शाबूत होती.

"मालक, संध्याकाळपर्यंत थांबा. भुकटीच्या हातानं ज्यानं सिगारेट पेटवलीय, त्याला जळक्या भुकटीच्या धुरानं थंडी वाजून ताप भरणार. नवी पोरं हात न धुता ओढतात आणि मग कशी कुडकुडतात, विसरलात? मी कुडकुडले तर माझी मीच जाईन."

मालकांना ते पटलं. जुलैचा उकाडा, सरोवरावरून वाऱ्याची झुळूक नाही, आणि जो तो शेजाऱ्याच्या अंगावर काटा शोधतोय. लेथवरचा गाउदेन्झिओ नुसता शिंकला, तर तिघं लांब सरकले. इल्दे मुद्दाम बाह्या वर करून मालकांच्या खिडकीसमोर आइस्क्रीम खात बसली.

संध्याकाळी मालकांनी एकेकाच्या कपाळाला हात लावून पाहिला. सगळे घामेजलेले आणि ठणठणीत. मग सगळे मालकांकडे संशयानं बघायला लागले, तेव्हा त्यांनी निमूटपणे स्वतःचंही कपाळ पुढे केलं. इल्देनं हात लावला आणि ताप नाही म्हणून नाइलाजानं मान हलवली.

इतक्यात चर्चचा घंटावाला बेपी सायकलवरून फाटकाशी आला.

"आज संध्याकाळची मिस्सेची प्रार्थना नाही हो," तो म्हणाला. "एवढ्या उकाड्यात फादर रजईखाली कुडकुडतायत, आणि कशानं झालं ते डॉक्टरला काही केल्या सांगेनात."